गरोदर अल्पवयीन मुलगी दवाखान्यात आली, तर पोलिसांना कळवण्याची सक्ती हवी का?

मूळ मत (परिचारिका, मराठवाडा)
ऊसतोडीच्या फडावरून परतलेली एक मुलगी आमच्याकडे आली. आठवा महिना, पाय सुजलेले, बीपी वाढलेलं, हिमोग्लोबिन ६. सासू म्हणाली, "एकोणीस पूर्ण आहेत." आधारवर सोळा निघाले. तोवर एकही तपासणी नाही, कारण "पोलीस केस होईल". पोक्सोमुळे, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांशी लैंगिक संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कायद्यामुळे, आम्हाला पोलिसांना कळवावंच लागतं. हे गावोगाव ठाऊक झालंय, म्हणून मुली घरात दडवतात. या वयात झटके येण्याचा, दिवस भरायच्या आत प्रसूती होण्याचा, बाळ अडीच किलोच्या आत भरण्याचा धोका आधीच जास्त; त्यात उशीर. ही सक्ती काढा.

प्रतिसाद १
ताई, अजिबात पटलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (एनएफएचएस) बीडमध्ये २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. ऊसतोडीला मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) जोडीच्या कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायको मिळून, मिळते, वयात आलेली पोर मागे एकटी ठेवायची भीती, म्हणून लग्न उरकतात. तिथे धाक उरलाय तो केसचाच. आणि तेरा वर्षांच्या मुलीवर घरातल्याच कुणी हात टाकला असेल तर? तुम्ही गप्प बसलात की ती त्याच घरात परत जाणार.

प्रतिसाद २
आमची आजी चौदाव्या वर्षी बाळंत झाली, नव्वद वर्षं जगली. उगाच बाऊ करता.

प्रतिसाद ३ (आशा सेविका)
दादा, आजी जगली म्हणून तुम्ही सांगताय. ज्या बाळंतपणात गेल्या, त्यांची नातवंडं इथे लिहायला नाहीत. चौदाव्या वर्षी कंबरेची हाडं पुरती वाढलेली नसतात, बाळ अडतं. तिच्या स्वतःच्याच अंगाला रक्त पुरत नाही, त्यात बाळाचा वाटा.

परिचारिका
प्रतिसाद १, अत्याचाराबद्दल तुमचं बरोबर आहे. तिथे सक्ती राहिलीच पाहिजे, माझं आधीचं वाक्य मी मागे घेते. पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव, तिने आणि पालकांनी विनंती केल्यास, पोलिसांना न देण्याची मुभा डॉक्टरांना दिली. तीच मुभा बाळंतपणाला आलेल्या मुलीलाही द्या.

प्रतिसाद १
विनंती करणार कोण? लग्न लावून देणारे तेच पालक ना? मुलीला एकटीला बाजूला घेऊन विचारणार असाल, तर मी ऐकायला तयार आहे.

परिचारिका
ती मुलगी आली त्या रात्री सासूला बाहेर बसवूनच तिला विचारलं होतं. झटके रोखायचं मॅगसल्फ चालू होतं. तिने एवढंच विचारलं, "नवऱ्याला नेतील का?"