घोणस चावली पायाला, मग रक्त हिरडीतून का आलं?

पन्हाळ्याची_सून:
मागच्या आठवड्यात आमचे मामा (सासरे) रात्रीच्या लायटीला उसाला पाणी पाजायला गेले होते. घोट्याच्या वर घोणस चावली. दवाखान्यात पोचेस्तोवर पाय गुडघ्यापर्यंत सुजला आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं. आता घरी आलेत, जेवतात. पण दात लागले पायाला, तर रक्त तोंडात कसं? तिथं डॉक्टरांना विचारायचा धीर झाला नाही.

नळी_आणि_काच:
ताई, मामा घरी आले हे वाचून बरं वाटलं. मी कोल्हापुरात लॅबमध्ये काम करतो, दर पावसाळ्यात असे पेशंट बघतो.

केशवाहिनीची भिंत म्हणजे पेशींचा एकच थर आणि त्याखालचं कोलॅजनचं पातळ अस्तर. घोणस, फुरसं यांच्या विषातली मेटॅलोप्रोटीनेज नावाची विकरं ते अस्तरच कातरतात. सरीतली भर धुऊन गेली की उभा ऊस वाऱ्यात लोळतो ना, तशी गत होते. आधार सुटलेल्या पेशी रक्ताच्या दाबानं ताणतात, फाटतात. रक्त आणि पाणी झिरपून पाय सुजतो.

त्यात घोणशीचं विष रक्त गोठवणारे पाचवा आणि दहावा हे घटक उगीचच चालू करतं. अंगभर बारीक गुठळ्या होत राहतात आणि फायब्रिनोजेन, म्हणजे ज्याच्यापासून गुठळी बनते ते रक्तातलं प्रथिन, संपतं. हिरड्यांना चावताना, घासताना बारीक जखमा रोजच होतात, एरवी आपल्याला कळतही नाहीत. त्या बुजवायला काही उरलं नाही, म्हणून तिथनं रक्त आलं.

आम्ही काचेच्या कोऱ्या, कोरड्या नळीत २ मिली रक्त घेतो आणि २० मिनिटं हात लावत नाही. मग तिरकी करतो. चांगलं रक्त घट्ट बसलेलं असतं. अशा पेशंटचं पाण्यासारखं काठाकडं धावतं. नळी साबणानं धुतलेली असली तरी निकाल चुकतो, म्हणून मी त्या वेगळ्या ठेवतो. ती २० मिनिटं बाहेरची माणसं माझ्या हाताकडंच बघत असतात.

फडातला_सर्पमित्र:
पाय दोरीनं आवळू नका, ब्लेड लावू नका. पाय हलू न देता थेट दवाखाना गाठा. आणि रात्री पाणी पाजताना गमबूट, बॅटरी पाहिजेच.

पन्हाळ्याची_सून:
सापाच्या विषावरच्या लसीनं ती फाटलेली भिंत भरून येते का?

नळी_आणि_काच:
नाही ताई. लस मोकळं फिरणारं विष पकडते. भिंत शरीरच हळूहळू भरून काढतं. फायब्रिनोजेन यकृत नव्यानं बनवतं, त्याला वेळ लागतो. म्हणून लस दिल्यावर ६ तासांनी नळी परत लावतात.

पन्हाळ्याची_सून:
पहाटे परत रक्त घ्यायला आलेल्या सिस्टरवर मी ओरडले होते, अंगात रक्त राहू द्याल का नाही म्हणून. सोमवारी मामांना दाखवायला न्यायचंय, तेव्हा त्यांना भेटून येते.