दिघ्याच्या वस्तीत राहायला येणाऱ्या ख्रिस्ती प्रसूतिसेविकांना खोली द्यावी की नाही?

धागाकर्ती, ऐरोली
वसईकडच्या दोन ख्रिस्ती प्रसूतिसेविका दिघ्याच्या डोंगरउतारावरील एका वस्तीत भाड्याने राहायला येऊ इच्छितात. दोघीही नोंदणीकृत परिचारिका आहेत. गरोदर बायकांची तपासणी, रात्री-अपरात्री रुग्णालयापर्यंत सोबत आणि बाळंतिणीची घरी देखभाल एवढेच काम त्या करणार आहेत; बाळंतपण वस्तीत करणार नाहीत. तरीही त्यांना खोली देऊ नये, असा घरमालकावर दबाव येत आहे आणि मला तो अन्यायाचा वाटतो. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे २०११ पासून सरकारी रुग्णालयातले बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, मोफत आहे, गाडीही मोफत आहे. पण नवरा रात्रपाळीला, सासू गावी आणि कडेवर दोन वर्षांचे मूल अशा बाईने कळा सुरू झाल्यावर डोंगरउतारावरच्या पायऱ्या कोणाच्या आधाराने उतरायच्या, याचे उत्तर कोणत्याही योजनेत नाही.

प्रतिसाद, नौपाडा
ताई, उत्तर योजनेत आहे. बाळंतिणीला रुग्णालयात घेऊन जाणे हे आशा सेविकेच्या कामातच येते. आशा कमी पडत असतील तर महापालिकेकडे आणखी आशा मागाव्यात. माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. ज्या बाईने आपल्याला मरणाच्या दारातून आणले, तिला कोणत्याही गोष्टीला नाही म्हणणे गरीब आईला जमत नाही. उपकाराच्या ओझ्याखाली ऐकलेली प्रार्थना तिने स्वेच्छेने ऐकली, असे मी मानणार नाही.

प्रतिसाद, कळवा
मी मूळची मिरजेची. तिथे डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय उभे केले. आमच्या घरातील तीन पिढ्या तिथे जन्मल्या आणि आमच्या देव्हाऱ्यातला एकही देव हलला नाही. आणखी एक गोष्ट सांगते. कॅथलिक धर्मभगिनींना (नन्सना) एके काळी त्यांच्याच चर्चच्या नियमाने बाळंतपण करता येत नसे. ॲना डेंगल या डॉक्टरने रावळपिंडीत काम करताना पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला दाखवता येत नाहीत म्हणून मरताना पाहिल्या, १९२५ मध्ये स्वतःचा संघ काढला, आणि रोमने ती बंदी १९३६ मध्ये उठवली. धर्माचा नियम बाळंतिणीसाठी बदलायला लावणाऱ्या परंपरेवर केवळ संशय घेणे मला पटत नाही.

प्रतिसाद, नौपाडा
त्या इतिहासाबद्दल मला आदर आहे. पण मिरजेच्या रुग्णालयाच्या दारात जाणाऱ्याला आपण मिशनकडे जात आहोत हे ठाऊक असे. वस्तीतल्या शेजारणीकडे जाताना ती सीमा दिसत नाही.

प्रतिसाद, आशा सेविका
मी त्याच भागात काम करते, म्हणून लिहिते. शहरातील एका आशेकडे हजार ते अडीच हजार लोकवस्ती असते. एकाच रात्री दोघींना कळा सुरू झाल्या तर मी एकीबरोबरच जाऊ शकते. आमच्या बायकांपैकी कित्येक जणी सातव्या-आठव्या महिन्यात गावी जातात आणि बाळ घेऊन परत येतात. मधल्या काळात रक्तदाब कोणी पाहिला, लोहाच्या गोळ्या घेतल्या की नाही, हे कार्डावर नसते. डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय सुजतात, हे त्या शेजारणीला सांगतात, मला सांगत नाहीत. त्यामुळे शेजारी राहणारी जाणती बाई मला हवी आहे. मात्र त्यांनी आपली वेगळी वही ठेवू नये; प्रत्येक गरोदर बाईची नोंद आमच्या आरोग्य केंद्रात झाली पाहिजे. आणि कोणी कितीही गळ घातली तरी घरी बाळंतपण करू नये. बाळंतपणानंतर अंगावरून जास्त जाऊ लागले तर लागणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन थंड ठेवावे लागते, रक्त चढवावे लागते. खोलीत यातले काही नाही.

धागाकर्ती, ऐरोली
आशा सेविकेची कामे मी विचारात घेतली नव्हती, ही चूक मान्य आहे. दोघींशी आज सविस्तर बोलले. नोंद केंद्रात होईल आणि कोणी आपणहून म्हटल्याशिवाय प्रार्थनेचा विषय निघणार नाही, हे त्या लिहून द्यायला तयार आहेत. रविवारी मी तो कागद घेऊन घरमालकाकडे जाणार आहे. नौपाड्याचे दादा, आपणही यावे.

प्रतिसाद, नौपाडा
येतो. माझा आक्षेप कायम आहे; पण त्या कागदात आणखी एक वाक्य घालावे, की सहा महिन्यांनी वस्तीतल्या बायकांना, त्या दोघी समोर नसताना, प्रार्थनेचे दडपण आले का, हे आशाताईंनी विचारावे.