सागवानावर स्क्यूची धार टिकेना: दगड बदलू की छिन्न्या?

हलशीचा_खराद
खरादावर (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) पाळण्याचे खांब करूलालोय, सागवानाचे, 50 मिमी जाडीचे. गाऊजनं (पन्हाळीसारख्या खोलगट छिन्नीनं) गोल होईपर्यंत सगळं ठीक. स्क्यू (तिरप्या धारेची सपाट छिन्नी) लावला की दुसऱ्या खांबालाच सालीऐवजी भुगा पडतो आणि मण्यांच्या (खांबावरच्या गोल नक्षीच्या) कडा उचकटतात. मग 80 नंबरच्या पॉलिशपेपरनं घासा, तर मण्याचा मणीपणाच जातो. ग्राइंडर 6 इंची, 2850 आरपीएम, सोबत आलेला करडा दगड. गाऊज आणि स्क्यू या दोन छिन्न्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) म्हणून घेतलेल्या, एक लोहारानं कानशीची करून दिलेली. नवीन काय घ्यायचं सांगा की.

उद्यमबाग_फिटर
छिन्न्या राहू द्या, आधी दगड बदला. करडा दगड साध्या लोखंडासाठी. एचएसएसवर त्याचे कण बोथट होतात पण गळत नाहीत, मग तो कापायचं सोडून नुसता तापवत बसतो. पांढरा ॲल्युमिनियम ऑक्साइड घ्या, 80 ग्रिट (कणांचा बारीकपणा), कडकपणा के (मऊसर बांधणी). लेबलवर डब्ल्यूए 80 के असं वाचा. भोक आणि जाडी मोजून दुकानात जा.

बसवण्याआधी दगड बोटावर टांगून लाकडी मुठीनं हलकेच ठोका. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर आत तडा आहे, तो ग्राइंडरवर चढवायचा नाही. बसवल्यावर बाजूला उभं राहून मिनिटभर रिकामा फिरवा. टेकण (छिन्नी टेकवायचा आधार) आणि दगडात 3 मिमीपेक्षा जास्त फट नको.

खानापुरी_सुतार
दगडाचं बरोबर आहे, पण सागाचं गणित वेगळं. त्यात सिलिका असते, म्हणजे बारीक वाळूच म्हणा, तीच धार खाते. आंब्याचं अख्खं लाटणं ज्या धारेत निघेल तेवढ्यात सागाचा अर्धा खांबही होत नाही. दर खांबाला धार पाजळायची हे धरूनच चाला.

पण दर वेळी ग्राइंडर नको. स्क्यूचा उतार (धारेकडं निमुळता होणारा भाग) दगडावर किंचित खोलगट घासला जातो, त्यामुळे 600 ग्रिटची डायमंड पट्टी फक्त टाचेला (उताराच्या मागच्या कडेला) आणि धारेला टेकते. दोन्ही बाजूंनी पाच-सहा हात मारले की काम झालं. असं तीन-चारदा केल्यावर एकदा ग्राइंडर.

धार गेली का, हे बोटानं बघू नका. बल्बखाली छिन्नी धरा. कडेवर पांढरी रेघ चमकली तर ती बोथट. धारदार कड दिसतच नाही.

हलशीचा_खराद
कोन किती ठेवू? माझ्याकडं कोनमापक नाही.

खानापुरी_सुतार
लागत नाही. उताराची लांबी छिन्नीच्या जाडीच्या दीडपट ठेवा: 8 मिमी जाडीला साधारण 12 मिमी. दोन्ही बाजू मिळून 37 अंशांच्या आसपास येतो, सागाला चांगला. याहून निमुळती केली तर पहिल्या गाठीलाच कड मोडते.

आधीचाच कोन राखायचा असेल तर उतारावर मार्करनं काळं फासा, ग्राइंडर बंद ठेवून दगड हातानं थोडा फिरवा. फक्त धारेजवळचं काळं गेलं तर मूठ खाली घ्या, फक्त टाचेजवळचं गेलं तर वर.

रफिंग गाऊज 45 अंश, स्क्रॅपर (खरवडायची छिन्नी) 75 च्या आसपास. गाऊज दगडावरून थेट लाकडावर चालतो, पट्टी लागत नाही. स्क्रॅपरला दगडावर जी बारीक भर चढते ती पुसून टाकू नका, कापते तीच.

निपाणीकर
धार लावताना मध्ये मध्ये पाण्यात बुडवत जा. निळी पडली की छिन्नीचं पाणी उतरलं म्हणून समजा.

उद्यमबाग_फिटर
कानशीच्या छिन्नीला शंभर टक्के मान्य. कार्बन पोलादाचा कडकपणा 200 अंशांच्या पुढे उतरत जातो, निळा रंग म्हणजे 300 च्या जवळ, तेवढा तुकडा घासून काढण्याशिवाय इलाज नाही. एचएसएसला मात्र हे लागू नाही. ती 500 अंशांनाही तग धरते, निळी झाली तर होऊ द्या. उलट तापलेली गार पाण्यात घातली तर कडेवर केसासारखे तडे जातात, आणि मग लोक म्हणतात पोलाद खराब निघालं.

कुठली कोणती हे ठिणग्या सांगतात. कार्बनच्या ठिणग्या पांढऱ्या-पिवळ्या, फुलबाजीसारख्या फुटतात. एचएसएसच्या लालसर नारिंगी, मोजक्या, फारशा फुटत नाहीत.

कानशीच्या छिन्नीबद्दल एक सांगतो. कानस काचेसारखी कडक असते. लोहारानं तो कडकपणा नीट उतरवला नसेल आणि जुने दात पाठीवर तसेच असतील तर चीर त्या दातातूनच सुरू होते. फिरत्या लाकडात अडकली की तुकडा सरळ तोंडाकडे. ती दाराला अडसर म्हणून बरी.

निपाणीकर
बरोबर, मी कार्बनच्याच डोक्यानं बोललो. अजून एक: पावसाळ्यात खानापूर पट्ट्यात रात्रीतून कडेला गंज धरतो. काम संपलं की मशीन ऑइलचा हात फिरवून ठेवा, सकाळची अर्धी घासाई वाचते.

हलशीचा_खराद
आत्ता दोन्ही दगडाला लावून बघितल्या. गाऊजच्या लालसर, मोजक्या. स्क्यूच्या पांढऱ्या, फुलबाजीसारख्या. मुठीवर एचएसएस छापलंय तरी.

उद्यमबाग_फिटर
सापडलं की मग! ती कार्बनची, आजवर दगडावर तापून मऊ झालेली. पुढचा 5 मिमी भाग हळूहळू घासून काढा, दर दोन सेकंदांनी पाण्यात. हिला निपाणीकरांचाच नियम.