नगरपंचायतीचं 'शिलकी' अंदाजपत्रक कसं वाचायचं?

भातसाकाठ:
ठाणे जिल्ह्यातली छोटी नगरपंचायत, वस्ती पंधरा-वीस हजारांच्या आसपास. परवा बातमी आली: 'कोट्यवधींचं शिलकी अंदाजपत्रक मंजूर, करवाढ नाही. भाजी मंडई, नवं व्यापारी संकुल, तलाव सुशोभीकरण.' जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून आमच्या पट्ट्यात गोदामं, प्लॉटिंग, हॉटेलं याशिवाय दुसरा विषय नाही, त्यामुळे लोकांना हे सगळं खरंही वाटतंय.

माझे प्रश्न तीन. एवढा पैसा खरंच येतो का? मंडई होणार की नुसता नारळ फुटणार, हे कागदावरून कळतं का? आणि जुन्या संकुलातले निम्मे गाळे बंद असताना नवं संकुल कशाला? कोण कुठल्या पक्षाचा ते नको, कागद कसा वाचायचा तेवढं सांगा.

जमाखर्च:
बातमीतला आकडा आधी बाजूला ठेवा. ती नुसती बेरीज असते आणि तिच्यात वेगवेगळ्या जातीचे पैसे कालवलेले असतात.

सुरुवातीला 'आरंभीची शिल्लक' दिसेल. ती बहुतेक वेळा योजनांच्या खात्यांत न खर्चता पडून राहिलेली रक्कम असते. नगरोत्थान, दलित वस्ती, वित्त आयोग, प्रत्येकाचं खातं वेगळं आणि ज्या कामाचा पैसा त्याच कामाला. पंधराव्या वित्त आयोगाचं (२०२१ ते २६) घ्या. दहा लाखांखालच्या शहरांना जे मिळालं त्यातलं ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच: ३० टक्के पाणी, ३० टक्के स्वच्छता आणि घनकचरा. उरलेलं ४० टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार करता येत नाहीत. 'शिलकी' हा शब्द बहुधा याच हात न लावता येणाऱ्या पैशावर उभा असतो.

मग येऊन जाणारा पैसा. घरपट्टीच्या बिलात शिक्षण कर आणि रोजगार हमी कर वसूल होतो, तो शासनाकडे भरायचा असतो. ठेकेदारांची बयाणा आणि सुरक्षा अनामत आज जमा, उद्या परत. या रकमा जमेलाही दिसतात, खर्चालाही. गावाला त्यातून काही मिळत नाही, बेरीज मात्र फुगते.

आणि तिसरं म्हणजे अपेक्षित अनुदान. 'वैशिष्ट्यपूर्ण कामे' किंवा 'जिल्हा नगरोत्थान' या लेखाशीर्षासमोर (अंदाजपत्रकातल्या खात्याच्या नावासमोर) ५,००,००,००० असा गुळगुळीत आकडा दिसला, की बहुधा नुसता प्रस्ताव गेलेला असतो.

हे तिन्ही वजा करा. उरेल ते स्वउत्पन्न: घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं, बाजार फी, विकास शुल्क, दाखल्यांची फी. मालमत्तेच्या व्यवहारांवरच्या १ टक्का जादा मुद्रांक शुल्काचा हिस्सा आणि सहायक अनुदान शासनाकडून येतं, ते वेगळं मोजा. सहायक अनुदान बहुतांशी पगारातच जातं. गावाची खरी ऐपत या स्वउत्पन्नाच्या ओळीत असते, आणि त्यातूनही ५ टक्के दिव्यांगांसाठी, ५ टक्के महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायचे असतात.

आता रकाने. मागच्या वर्षाची प्रत्यक्ष जमा, चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. बातमी शेवटच्या रकान्यावर होते, तुम्ही पहिला वाचा. एकाच वर्षाचा अंदाज आणि प्रत्यक्ष जमा एका पुस्तकात सापडेलच असं नाही, म्हणून लागोपाठची दोन-तीन वर्षांची पुस्तकं शेजारी ठेवून बसा.

घरपट्टीच्या ओळीवर जास्त वेळ घालवा. समजा चालू मागणी ८० लाख, थकबाकी ६० लाख. जमेला सरळ १ कोटी ४० लाख लिहिले जातात. चालूची वसुली ७५ टक्के झाली तर ६० लाख, थकबाकीची २५ टक्के झाली तर १५ लाख. हातात आले ७५ लाख. खर्चाची बाजू मात्र १ कोटी ४० लाख धरून बांधलेली. मग मार्चमध्ये पथदिव्यांचं वीजबिल थकतं आणि टँकरवाल्याचं देणं पुढच्या वर्षावर ढकललं जातं. त्यात थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती (दंड), म्हणजे वर्षाला २४ टक्के. मागणी आपोआप वाढते आणि वसुलीची टक्केवारी घसरत जाते. 'विक्रमी वसुली' अशी बातमी आली की पहिला प्रश्न हा विचारा: टक्के कशाचे, चालू मागणीचे की एकूण मागणीचे?

'करवाढ नाही' यावरही फार विसंबू नका. दर तोच ठेवून चार वर्षांनी फेरमूल्यांकन झालं की करयोग्य मूल्य वाढतं आणि बिलही. नोटिशीतली हरकतीची मुदत चुकवू नका, नंतर सुधारणा करून घेणं फार जिकिरीचं.

लेखाशीर्ष:
वरच्यात एक दुरुस्ती. गोल आकडा म्हणजे फसवणूक असं दर वेळी नसतं. लेखाशीर्षाखाली तरतूदच नसेल तर अनुदान आल्यावर पुनर्विनियोजनाची (एका खात्यातली तरतूद दुसऱ्यात वळवण्याची) खटपट करावी लागते, म्हणून लेखापाल आधीच रक्कम टाकून ठेवतो. त्याच ओळीवर सलग तीन वर्षं तोच आकडा आणि प्रत्यक्ष जमा शून्य असेल, तर मात्र शंका घ्या.

टेंडर_नोटीस:
मंडईचं सांगतो. पैशाआधी जागा बघा. सात-बारा किंवा मिळकत पत्रिका कोणाच्या नावावर आहे? ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तरी जागा कित्येकदा जुन्याच नावावर किंवा महसूल खात्याच्या नावावर राहतात. काही गुरचरणात असतात. हस्तांतर झालेलं नसेल तर बाकी कागद कितीही पक्के असोत, काम तिथेच अडतं.

त्यानंतर क्रमाने विचारायचं: सभेचा ठराव, दरसूचीवर (शासनाने ठरवलेल्या कामांच्या दरांवर) आधारलेलं कामाचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, महाटेंडर या शासनाच्या संकेतस्थळावरची निविदा, कार्यारंभ आदेश. भूमिपूजन यातल्या कुठल्याही टप्प्याला उरकतात, त्यावरून काही ठरवू नका. कार्यारंभ आदेशाला जावक क्रमांक आणि मुदत असते. तो कागद हाती आला की काम सुरू झालं समजा.

अडकण्याची ठरलेली दोन ठिकाणं आहेत. एक, स्वहिस्सा. योजनेत नगरपंचायतीला आपला वाटा घालावा लागतो आणि तो स्वउत्पन्नातूनच येतो, म्हणून वर 'जमाखर्च' यांनी सांगितलेली ओळ महत्त्वाची. दोन, फार कमी दराची निविदा. ठेकेदार अंदाजित दराच्या बराच खाली भरतो, जादा अनामतही भरतो, जोत्यापर्यंत काम करून पहिलं बिल उचलतो आणि मग दरवाढ मागत बसतो. बिल मोजमाप पुस्तिकेवर निघतं, त्यामुळे नोंदी आणि जागेवरचं काम ताडून बघता येतं. पुस्तिकेत लांबी, रुंदी, उंची, परिमाण असे साधे रकाने असतात. मोजपट्टी घेऊन गेलात तरी पुरे.

आराखडाही मागून बघा. भाजीचे ओटे पहिल्या मजल्यावर दाखवले असतील तर मंडई रिकामी राहणार हे आजच लिहून ठेवा. जुडी-दोन जुड्या मेथीसाठी कोणी जिना चढत नाही. पहाटे टेम्पो थेट ओट्यापाशी लागला पाहिजे, ओट्यामागे उताराची नाली हवी, पाण्याचा नळ हवा. यातलं काही नसलं की भाजीवाल्या मावशी पुन्हा रस्त्यावर बसतात आणि मंडईची पार्किंग होते. पथविक्रेता कायदा २०१४ प्रमाणे सर्वेक्षण आणि शहर फेरीवाला समिती आधी हवी. समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले असतात, आणि ओट्यांची जागा त्यांना विचारून ठरली की हे घोळ कमी होतात.

गाळा_नंबर_सात:
गाळ्यांचं गणित सोपं आहे. किमान भाडं ठरताना नगररचना विभागाचं मूल्यांकन घेतलं जातं आणि त्याला आधार रेडी रेकनरचा, म्हणजे शासनाच्या जमीन-बांधकाम दरांच्या तक्त्याचा. रस्त्यालगतचा तळमजला आणि मागचा, वरचा गाळा यांत बाजारभावात जेवढी तफावत असते तेवढी मूल्यांकनात उतरत नाही. किमान भाड्याखालची बोली घेता येत नाही, म्हणून पुढचे गाळे चढ्या भावाने जातात आणि मागच्यांना गिऱ्हाईक नाही. वर मोठी अनामत आणि भाड्यावर १८ टक्के जीएसटी. हे सगळं जोडून समोरच्या खासगी दुकानाच्या भाड्याशी ताडून बघा. दुकानदार तिकडे का जातो ते कळेल.

दोन-तीन लिलाव रिकामे गेल्यावर किमान भाडं कमी करण्याचा प्रस्ताव वर पाठवता येतो. तो पाठवायला कोणी पुढे येत नाही, कारण सहीखाली 'भाडं कमी केलं' असं दिसतं आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघण्याची धास्ती असते. गाळा बंद राहिला तर तसा ठपका कोणा एकावर येत नाही.

नव्या संकुलाचं म्हणाल तर, बांधायला अनुदान मिळतं, चालवायला मिळत नाही. म्हणून बांधणं सोपं.

भातसाकाठ:
मंडळी, भरपूर मिळालं. आता नेमके कुठले कागद मागू?

जमाखर्च:
आधी फुकटचं. सिटीफायनान्स पोर्टलवर शहरांचे लेखापरीक्षित हिशेब असतात, तिथे नाव टाकून बघा.

मग माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका, हमखास फेटाळलं जातं. मागच्या तीन वर्षांचं अंदाजपत्रक आणि घरपट्टीचा मागणी-वसुली-शिल्लक तक्ता एका अर्जात. मंडईच्या प्रशासकीय मान्यतेची आणि कार्यारंभ आदेशाची प्रत दुसऱ्यात. गाळ्यांच्या मूल्यांकनाचं पत्र आणि लिलावांची इतिवृत्तं तिसऱ्यात. प्रती पानाला २ रुपये पडतात. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टँप.

एकच कागद मागायचा असेल तर स्थानिक निधी लेखापरीक्षेचा शेवटचा अहवाल मागा. आक्षेप क्रमांकानिशी असतात आणि किती वर्षं अनुत्तरित पडलेत तेही कळतं.

टेंडर_नोटीस:
आणि ठरावच बेकायदेशीर वाटला तर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ठरावाचा क्रमांक आणि तारीख घालून अर्ज करा, तोही अंमलबजावणी होण्याआधी. काम सुरू झाल्यावर स्थगिती मिळवणं फार अवघड जातं.