जुने फोटो एआयनं हलवून पाहिलेत का? अनुभव सांगा

ओसरी

दिवाळीत आत्याकडे जमलो होतो. जेवणं उरकल्यावर भाच्यानं मोबाइल टीव्हीला जोडला आणि फर्मान काढलं, "आता सगळे गप्प." पडद्यावर आमचे आजोबा. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, मागे स्टुडिओतला रंगवलेला जिना. माजघराच्या भिंतीवर जन्मापासून पाहिलेला फोटो. तर आजोबांनी पापण्या मिटल्या, मान वळवली आणि चक्क तोंडभर हसले. पांढरीशुभ्र बत्तिशी!

क्षणभर कोणी बोलेना. मग आत्या म्हणाली, "हा कोण मेला?"

आजोबांचे वरचे दोन दात ऐन पंचविशीत गेले होते, बैलानं डोकं झटकलं तेव्हा. त्यांचा एकही फोटो ओठ उघडे असलेला नाही. आम्ही हसून हसून आडवे झालो. नंतर भांडी विसळताना आत्या पुटपुटली, "नानांनी जन्मभर मिटलेलं तोंड, ते उघडायचं कशाला?"

तुमच्याकडे काय झालं? हसू, रडू, भांडण, सगळं चालेल. कोणतं ॲप भारी यावर मात्र इथे जुंपू नका.

पायलीचे पंधरा

मी जुना पापी, २०२१ पासूनचा. मायहेरिटेज या वंशावळीच्या इस्रायली साइटनं त्या फेब्रुवारीत 'डीप नॉस्टॅल्जिया' आणलं आणि पापण्या मिटणारे भगतसिंग सगळ्या ग्रुपांवर फिरू लागले. मी पणजोबांचा फोटो टाकला. त्यांनी हुबेहूब भगतसिंगांसारखी मान वळवली. सासऱ्यांच्या वडिलांनीही तश्शीच! कारण भलत्याच माणसांच्या हालचाली आधी चित्रित करून ठेवलेल्या होत्या, त्यातली एक आपल्या फोटोवर चढवायची. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ. बोलायची सोय तेव्हा मुद्दामच ठेवली नव्हती, गैरवापर नको म्हणून.

आताचं प्रकरण वेगळं. गूगलच्या जेमिनी या एआय ॲपमध्ये जुलै २०२५ पासून एका फोटोवरून आठ सेकंदांचा व्हिडिओ होतो, आवाजासकट. यात हालचाल उसनी नसते, रचलेली असते. फोटोत नाही ते सगळं, म्हणजे दुसरा गाल, कोटाची पाठ, दात, हे इतर असंख्य माणसं पाहून बांधलेल्या अंदाजातून येतं. ओसरी, तुमच्या नानांना दात मिळाले ते असे.

गवतीचहा

दातांवरून आठवलं. लिहू की नको असं चाललं होतं.

पणजीचा एकच फोटो आहे, साधारण १९१२चा, वाड्याच्या चौकात काढलेला. पणजोबा गेले तेव्हा ती विशीचीही नव्हती. अंगावर आलवण, पदर कपाळापर्यंत ओढलेला, मांडीवर माझे आजोबा. फोटोत ते लुगडं काळं दिसतं, होतं अर्थातच तांबडं.

बहिणीनं तो ॲपमध्ये टाकला आणि 'आई बाळाकडे बघून हसते' एवढंच लिहिलं. पणजी बाळावर वाकली, पदर मागे सरकला आणि खाली दाट काळे केस. मधोमध भांग पाडलेला.

केशवपन झालेली बाई. यंत्राला काय ठाऊक पदराखाली काय असायचं! काका भडकले. "आत्ताच्या आत्ता काढ, थट्टा आहे ही." चुलतबहीण म्हणाली, राहू दे, शंभर वर्षांनी का होईना मिळाले तिला. ग्रुपवर दोन दिवस तेच. दोघं तर ग्रुप सोडून गेले, मग परत आले.

आत्या ८६ वर्षांची. तिनं पणजीला पाहिलंय, मागच्या दारानं येणारा न्हावीही पाहिलाय. तिनं चष्मा लावला, मोबाइल अगदी नाकाशी धरला, चारपाच वेळा पाहिलं आणि म्हणाली, "कुरळे होते म्हणायची."

यंत्रानं सरळ दिले होते.

पाटावरवंटा

गवतीचहा, काय लिहावं सुचत नाही. तांबडं काळं का दिसतं तेवढं सांगते. त्या काळच्या काचेच्या प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. निळं पांढुरकं यायचं, लाल काळं. म्हणून जुन्या फोटोंत बायकांचं कुंकू काळं असतं.

आमच्या आजीच्या फोटोत रंग भरायला गेले. पहिल्या खेपेला ॲपनं कुंकू डाग समजून पुसलं. सवाष्णीचं कपाळ कोरं! दुसऱ्या खेपेला राहिलं, पण काळं, आणि नथ ओठावर पसरून मिशी झाली. लुगडं निळं. आता त्याच लुगड्याची गोधडी आजही माझ्या पायथ्याशी असते, अस्सल डाळिंबी. शेवटी गोधडीचाच फोटो काढून जोडला आणि लिहिलं, 'लुगडं या रंगाचं.' तेव्हा कुठे जमलं. काठ मात्र पैठणीचे केले त्यानं. आजीनं आयुष्यात पैठणी नेसली नाही, त्यामुळे तेवढं मी राहू दिलं.

कंदील

आमच्याकडे बेत रद्द. बाबा ३४व्या वर्षी गेले, आई आता ७८ची. मुलानं विचारलं, "आजी, आजोबांना हलवू का?" ती म्हणाली, "हलवून जागं करशील, मग चहा कोण टाकणार?"

विषय संपला.

अश्दोदकर

शालोम मंडळी. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, आईवडील साठच्या दशकात रेवदंड्याहून इथे इस्रायलला आले. मराठी लिहिणं आता कमी झालंय, सांभाळून घ्या.

आईचा गावच्या घरातला फोटो आहे, समोर मलिद्याचं ताट. एलियाहू हन्नाबी हे आमचे संदेष्टे, त्यांच्या नावानं ठेवायच्या मलिद्याला आम्ही गोड पोहे, ओलं खोबरं आणि फळं ठेवतो. यंत्रानं पोह्यांचे पॉपकॉर्न केले आणि आईनं त्यातले मूठभर उचलून तोंडात टाकले. प्रार्थना व्हायच्या आधी! माझी आई! आम्ही चमच्याला हात लावला तरी डोळे वटारायची. वर ती काहीतरी बोललीसुद्धा, हिंदीसारखं. तिला हिंदी कधी आलंच नाही.

नातीला फक्त हिब्रू येतं. तिनं विचारलं, "ती काय म्हणतेय?" म्हटलं, "मलाही कळत नाही गं."

पायलीचे पंधरा

एक कामाचं राहिलं. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, वरचा पापुद्रा काचेवर राहतो. आमच्या एका मामेआजोबांचं नाक असंच गेलं. काचेसकट खिडकीशी न्या, फ्लॅश बंद करा, आपल्या आणि काचेच्या मध्ये काळी चादर धरायला कोणाला तरी उभं करा, फक्त मोबाइल तिच्यापुढे काढा, म्हणजे काचेत आपलंच थोबाड दिसणार नाही, आणि मग मोबाइलनं टिपा. आणि मूळ फोटोमागे पेन्सिलीनं नावं लिहा. सध्या घरात जी सगळ्यात म्हातारी व्यक्ती आहे तिला विचारून, या आठवड्यातच.

ओसरी

सगळ्यांचं वाचलं. गवतीचहा, तुमच्या आत्याचं वाक्य डोक्यातून जात नाहीये.

माझ्याकडची नवी बातमी: माळ्यावर धाकट्या काकाच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट सापडली, १९८९ची. आमची आत्या म्हणते त्यात नाना आहेत, पंगतीत मठ्ठा वाढताना. पण पाठमोरेच. कॅमेरावाला समोर आला की ते भांडं घेऊन दुसऱ्या पंगतीकडे वळायचे, शेवटी तो कंटाळला. कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी दिसतेय, म्हणून व्हीसीआरमध्ये घालायचा धीर होत नाही. पुण्यात फीत साफ करून उतरवून देणारं कोणी माहीत आहे का?