सोनोमाला दोन रात्री, सोबत आईबाबा. कसं जमवावं?

पारिजात१४

नमस्कार मंडळी, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या लग्नाला दहा वर्षं होतायत आणि नेमके तेव्हाच माझे आईबाबा इथे आलेले असणारेत. आम्ही सॅन होजेला राहतो. नवऱ्याला आणि मला वाइन कंट्रीत दोन रात्री राहायची फार वर्षांची इच्छा आहे, पण आईबाबांना घरी एकटं ठेवून जायला मन होत नाही, त्यामुळे सगळेच जाऊ असं ठरतंय. दोघंही अजिबात पीत नाहीत. बाबा ७४ चे, गुडघ्याचा त्रास आहे, पण इतिहासाचं प्रचंड वेड, किल्ल्यावर गेले की पाटीवरची शेवटची ओळ वाचल्याशिवाय हलत नाहीत. आईला बागा आवडतात आणि माणसांच्या गोष्टी आवडतात. लेक सहा वर्षांचा.

शेजारच्या नापापेक्षा सोनोमा शांत आहे आणि गावाला इतिहास आहे असं ऐकलंय. राहायचं कुठे, किती वायनरी करायच्या, आणि मुख्य म्हणजे आईबाबांना अवघडल्यासारखं होईल का? आई तोंडाने काही बोलणार नाही, पण मला कळेल, आणि मग माझंही लक्ष लागणार नाही. सँटा रोझाला एक हॉटेल बरं दिसतंय, ते बुक करू का?

डोंगरवाट

आधी ते सँटा रोझाचं थांबवा. सोनोमा नावाच्या तीन गोष्टी आहेत, सोनोमा गाव, सोनोमा व्हॅली आणि सोनोमा काउंटी, आणि पहिल्यांदा जाणारे बरेच जण इथेच फसतात. काउंटी म्हणजे जिल्हा, तो अवाढव्य आहे, सँटा रोझा आणि हील्ड्सबर्ग दोन्ही त्यातच येतात, पण तिथे राहिलात तर मूळ गावात यायला रोज गाडी काढावी लागेल. तुम्हाला हवंय ते गाव म्हणजे मधोमध प्लाझा, म्हणजे मोठा चौक, असलेलं सोनोमा. बुकिंग करताना नकाशावर सोनोमा प्लाझा शोधा आणि तिथून चालत पाच-सात मिनिटांत असेल तेच हॉटेल घ्या, खोली थोडी लहान मिळाली किंवा पैसे जास्त गेले तरी चालेल. बाबांचा गुडघा दुखायला लागला की ते खोलीवर जाऊन पडतील आणि बाकीचे फिरत राहतील, हे सुख लांबच्या हॉटेलात नाही. ऑक्टोबर म्हणजे द्राक्षतोडणीचा शेवट, खोल्या महाग असतात, शनिवार धरला तर बऱ्याच ठिकाणी दोन रात्रींची अट असते. जमलं तर मंगळवार-बुधवार करा.

रस्ता: सॅन होजेहून ६८० हायवेने वर, बेनिशियाचा पूल ओलांडून पुढे १२ नंबरचा रस्ता धरा, म्हणजे शेवटचा टप्पा कार्नेरोसच्या द्राक्षमळ्यांतून होतो. सॅन फ्रान्सिस्को दाखवत जायचं असेल तर गोल्डन गेटवरून १०१, ३७, १२१ असं जाता येतं, पण ३७ वर संध्याकाळी गाडी मुंगीच्या पावलाने चालते, आणि वाटेतल्या मोटारींच्या रेसट्रॅकवर शर्यत असेल त्या दिवशी तर तिकडे फिरकूच नका.

निळी_शाई

तुमच्या बाबांसाठी लिहितेय, कारण माझे सासरे अगदी असेच, आणि आम्ही त्यांना नेलं तेव्हा परत निघताना त्यांचा पाय निघत नव्हता.

प्लाझाच्या ईशान्य कोपऱ्यावर मिशन, म्हणजे ख्रिस्ती पाद्र्यांचं जुनं ठाणं, आहे, मातीच्या विटांचं, पांढरं, बसकं. कॅलिफोर्नियातल्या २१ मिशनांपैकी हे शेवटचं आणि सगळ्यात उत्तरेचं, १८२३ सालचं, आणि स्पेनची सत्ता जाऊन मेक्सिकोची आल्यावर स्थापन झालेलं एकमेव. पाद्र्यांनी प्रार्थनेच्या वाइनसाठी इथे द्राक्षवेली लावल्या, म्हणजे हे गाव आणि ही वाइन एकाच अंगणात वाढलेत, त्यामुळे बाबांचा इतिहास एकीकडे आणि तुमची वाइन दुसरीकडे असं काही करायची गरजच नाही.

मिशनच्या बाजूच्या भिंतीपाशी एक दगडी स्मारक आहे, ते चुकवू नका. या मिशनमध्ये मेलेल्या आठशेहून जास्त मूळनिवासी माणसांची नावं त्यावर कोरलीयत, त्यात लहान मुलंही आहेत, आणि नावं बाप्तिस्म्यात मिळालेली, स्पॅनिश. त्या लोकांच्या कष्टांवर हे मिशन उभं राहिलं आणि गोवर-देवीसारख्या साथींत ते गेले. सासरे तिथे बराच वेळ उभे होते, एकेक नाव ओठांत वाचत. नंतर दिवसभर वाइनचे बोर्ड बघताना माझ्याही डोक्यात तो दगड होता आणि तो असायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

मिशनसमोर रस्त्यापलीकडे सैनिकांची बराक. १४ जून १८४६ ला पहाटे काही अमेरिकन वसाहतवाले इथे घुसले, मेक्सिकोच्या जनरल व्हायेहोला त्याच्या घरातून पकडलं आणि अस्वलाचं चित्र असलेला झेंडा चढवून प्रजासत्ताक जाहीर केलं. ते टिकलं २५ दिवस, मग अमेरिकेचा झेंडा आला. गंमत अशी की अमेरिका-मेक्सिको युद्ध आधीच सुरू झालं होतं आणि यांना पत्ताच नव्हता. आजच्या कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावरचं अस्वल तेच. तुमच्या लेकाला प्लाझातला तो झेंडेवाला पुतळा दाखवा आणि मग दिवसभर अस्वलं मोजायला सांगा, गावात जिकडेतिकडे सापडतील.

आता आईंसाठी. हा व्हायेहो पुढे तिथेच राहिला, अर्ध्या मैलावर त्याचं नंतरचं घर आहे, लाक्रिमा मोंतिस, म्हणजे डोंगराचा अश्रू, तिथल्या झऱ्यावरून ठेवलेलं नाव. झाडांच्या रांगेतून वाट, बाग, लाकडी घर, आणि आत सगळ्या खोल्या मांडून ठेवल्यात. दुसरीकडे १८५७ साली हारास्ती नावाच्या हंगेरियन माणसाने गावाबाहेर ब्वेना व्हिस्ता वायनरी काढली, पुढे युरोपातून द्राक्षाची हजारो कलमं आणली. आणि १८६३ मध्ये व्हायेहोच्या दोन मुली हारास्तीच्या दोन मुलांना दिल्या, एकाच दिवशी दोन्ही लग्नं. म्हणजे गावचा जुना जनरल आणि वाइनवाला, दोघे व्याही! माझ्या सासूबाईंना अख्ख्या ट्रिपमध्ये हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडली, अजून सांगतात.

मिशन, बराक आणि व्हायेहोचं घर हे सगळं एकाच तिकिटात होतं, फक्त त्याच दिवशी बघायचं. सकाळी मिशन आणि बराक, दुपारी ऊन असताना विश्रांती, चार वाजायच्या आत घर, असं आम्ही केलं.

चौथा_ग्लास

वाइनचं मी सांगतो. दिवसाला दोन. तिसरी वायनरी कितीही खुणावली तरी नाही, कारण दुसऱ्यानंतर जिभेला काही कळत नाही आणि सोबत मूल आणि वयस्कर माणसं असताना तर घाईच होते. आधी वेळ ठरवून जा, नुसतं दारात उभं राहून आत घेतील हे दिवस गेले. टेस्टिंगचे, म्हणजे थोडी थोडी वाइन चाखायचे, पैसे माणशी लागतात, दोघांत एकच टेस्टिंग घेतलं तरी बऱ्याच ठिकाणी चालतं आणि बाटल्या घेतल्या तर पैसे माफही करतात, आधी विचारून घ्या. मुलांना आत घेतात का हे फोन करून नक्की विचारा, सगळीकडे घेत नाहीत.

एक ब्वेना व्हिस्ता करा, दगडी इमारत आणि झाडी आहे, न पिणाऱ्यालाही बसायला बरं वाटतं. दुसरी गुंडलाख बुंडशू, १८५८ पासून एकाच घराण्याकडे आहे, वरून मळे दिसतात. पिनो न्वार आणि शार्डोने या जातींच्या द्राक्षांची वाइन आवडत असेल तर दक्षिणेकडची कार्नेरोसची घ्या, खाडीवरून गार वारा येतो म्हणून ती द्राक्षं तिथे चांगली होतात. झिनफांडेल ही लाल वाइन हवी असेल तर व्हॅलीतल्या जुन्या वेलींची मागा.

गाडी कोण चालवणार हे घरातूनच ठरवून निघा. गाडी चालवताना रक्तातल्या दारूची मर्यादा ०.०८ टक्के आहे, पण त्याच्या खाली म्हणजे ठीक असं नसतं. दोघांनाही चाखायचं असेल तर त्या दिवशी गाडी हॉटेलवर ठेवा, प्लाझाभोवती टेस्टिंग रूम भरपूर आहेत, सगळं पायी होतं. उघडलेली बाटली डिकीतच ठेवायची, सीटपाशी नाही.

रानजाई

चौथा_ग्लास यांचं बाकी पटलं, पण आईबाबांना दोन्ही वायनरींत न्यायलाच हवं असं नाही. आम्ही तेच केलं होतं आणि दुसऱ्या ठिकाणी माझी आई दीड तास पाण्याचा ग्लास हातात धरून बसली होती, त्याचं मला अजून वाईट वाटतं. एका ठिकाणी सगळे जा, तोडणीचे दिवस आहेत, आंबलेल्या द्राक्षांचा वास, क्रेट, धावपळ हे बघण्यासारखं असतं, आणि शेती बघायला आलोय म्हटलं की आपल्या आईबाबांना अवघडायला होत नाही. दुसऱ्या वेळी तुम्ही दोघंच जा. आईबाबा आणि नातू प्लाझात थांबतील, आठ एकरांची सावली आहे, बाकं आहेत, बदकं आहेत, गुलाब आहेत, खेळायची जागा आहे. मधली दगडी सिटी हॉल, म्हणजे नगरपालिकेची इमारत, चारी बाजूंनी सारखीच आहे, प्लाझाच्या कुठल्याही बाजूच्या दुकानदाराला आपल्याकडे पाठ फिरवली असं वाटू नये म्हणून तशी बांधली म्हणतात, बाबांना तेवढं कोडं घालून जा. दक्षिणेला मैलभरावर ट्रेनटाउन म्हणून छोटी आगगाडी आहे, तीही लेकासाठी.

आणि ऑक्टोबर आहे म्हणून सांगते, वणव्यांचा काळ असतो. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये याच व्हॅलीत मोठे वणवे लागले होते. रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या, निघायच्या आदल्या दिवशी हवेची गुणवत्ता बघा, बाबांना दम्याबिम्याचा त्रास असेल तर धुरात जाऊच नका.

घेतलेल्या बाटल्या दुपारी बंद गाडीत ठेवू नका. आमच्या एका चांगल्या बाटलीचं बूच वर आलं होतं. थंड पेटी सोबत न्या.

पारिजात१४

सगळ्यांचे मनापासून आभार, निळी_शाई ताई, तुमचं आईला फोनवर वाचून दाखवलं, ती व्याह्यांच्या गोष्टीवर खूश झाली आणि मग त्या दगडाबद्दल दोनदा विचारलं. सँटा रोझा रद्द. प्लाझापासून दोन गल्ल्यांवर खोल्या मिळाल्या, मंगळवार ते गुरुवार. मंगळवारी संध्याकाळी नुसता प्लाझा, बुधवारी सकाळी मिशन आणि बराक, दुपारी झोप, मग व्हायेहोचं घर, आणि गुरुवारी निघताना सगळे मिळून ब्वेना व्हिस्ता, नवरा चालवणार म्हणून तो फक्त वास घेणार. बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघं पायी एका टेस्टिंग रूमला, आईने स्वतःच सांगितलं की तुमचा दिवस आहे, नातवाला आम्ही बघतो.

एकच राहिलं, बाबांना संध्याकाळी स्वेटर लागेल का?

डोंगरवाट

लागेल. दुपारी अर्ध्या बाह्यांत फिराल आणि सूर्य गेला की खाडीवरून गारवा येतो. आणि त्यांच्यासाठी गाडीत एक घडीची खुर्ची टाका, स्मारकापाशी त्यांना वेळ लागेल.