पॉमेरेनियनच्या पिल्लाला कोरड्या खोकल्याची ढास लागते: घशात काही अडकले असेल का?

प्रश्न
आमच्याकडे अकरा आठवड्यांचे पॉमेरेनियनचे पिल्लू येऊन आज पाच दिवस झाले. तिसऱ्या दिवसापासून त्याला कोरडा, कर्कश खोकला सुरू झाला असून प्रत्येक उबळीच्या शेवटी ते मान खाली घालून ओकारी काढल्यासारखे करते आणि थोडा पांढरा फेस बाहेर टाकते. खेळून दमल्यावर किंवा गळपट्टा ओढला गेल्यावर खोकला वाढतो. खाणेपिणे व खेळणे मात्र नेहमीसारखे आहे. घशात काही अडकले असेल का, आणि घरातील लहान मुलांचे खोकल्याचे औषध थोडेसे द्यावे काय?

पहिला प्रतिसाद
औषधाचे आधी सांगतो: माणसांचे कोणतेही औषध देऊ नका. त्यात पॅरासिटामॉल किंवा झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असू शकते आणि हे दोन्ही घटक कुत्र्यांना विषारी ठरतात. एक-दीड किलोच्या जिवाला तर 'थोडेसे' म्हणजे किती, हे घरी ठरवताच येत नाही.

तुम्ही ज्याला ओकारी म्हणता ती बहुधा खोकल्याचीच अखेर आहे. श्वासनलिकेला सूज आली की उबळ थांबताना पिल्लू खाकरते आणि फेस टाकते, त्यामुळे हाड अडकल्याचा भास पुष्कळांना होतो. खरोखर काही अडकले असेल, तर पिल्लू सहसा एकाएकी अस्वस्थ होते, तोंडावर पंजे मारते, लाळ गाळते; ते तीन दिवस मजेत जेवत-खेळत राहणे कठीण आहे. अनेक पिल्ले एकत्र वाढलेल्या जागेतून नव्या घरी आल्यावर काही दिवसांत सुरू होणारा असा खोकला बहुतेक वेळा 'केनेल कफ', म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला, असतो. बोर्डेटेला हा जिवाणू आणि पॅराइन्फ्लुएन्झासारखे विषाणू तो घडवतात, आणि संसर्गानंतर साधारण 2 ते 14 दिवसांत लक्षणे दिसतात. सौम्य असेल तर एक ते तीन आठवड्यांत ओसरतो. तोवर इतर कुत्र्यांपासून पिल्लाला दूर ठेवा. तरीही इतक्या लहान वयात डॉक्टरांना दाखवणे टाळू नका, कारण हाच संसर्ग फुप्फुसात उतरला तर न्यूमोनिया होतो.

दुसरा प्रतिसाद
वरच्या निदानाशी मी बव्हंशी सहमत आहे, पण गळपट्टा ओढल्यावर खोकला वाढतो, या वाक्याकडे दुर्लक्ष होऊ नये. श्वासनलिका कूर्चेच्या अर्धगोल कड्यांनी उघडी राहते. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा अशा लहान जातींत ही कडी कमकुवत असू शकतात. मग नळी चपटी होते आणि बदकाच्या ओरडण्यासारखा आवाज येतो. हा विकार बहुधा मोठेपणी लक्षात येतो, तरी लहान वयातही दिसू शकतो. अर्थात सुजलेली श्वासनलिका दाबली गेल्यावरही असाच खोकला येतो, म्हणून एवढ्यावरून घाबरू नका. गळपट्टा मात्र आजच काढा आणि छातीभोवती बसणारा हार्नेस घ्या.

पुष्कळदा लोक 'उलटी शिंक' यालाही खोकलाच समजतात. त्यात पिल्लू मान ताणून, जागच्या जागी उभे राहून नाकाने घोरल्यासारखा आवाज करत हवा आत ओढते आणि मिनिटभरात पूर्ववत होते. तुमच्या वर्णनात हवा बाहेर फेकली जाते, त्यामुळे ती शक्यता मला कमी वाटते. एका उबळीचे चित्रीकरण करून ठेवा, कारण डॉक्टरांच्या टेबलावर पिल्ले हमखास शहाण्यासारखी गप्प बसतात.

तिसरा प्रतिसाद
जंताचे औषध कधी दिले, हे पिल्लू जिथून आणले तिथे विचारून घ्या. गोलकृमींच्या अळ्या फुप्फुसातून प्रवास करून घशात येतात आणि गिळल्या जाऊन आतड्यात पोहोचतात. जंत फार असतील तर या वाटेवर पिल्लू खोकते. लसीकरणाची नोंदही पाहा. डोळ्यांतून-नाकातून घट्ट स्राव, ताप आणि जुलाब अशी लक्षणे खोकल्याबरोबर आली, तर डिस्टेंपर या कुत्र्यांच्या गंभीर विषाणूजन्य रोगाचा विचार करावा लागतो.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला उशिरा कळली: इतक्या लहान पिल्लाने खाणे सोडले, तर काही तासांतच रक्तातील साखर घसरून ते लुळे पडू शकते. म्हणून भूक मंदावणे, झोपेतही धाप लागणे, हिरड्या फिकट किंवा निळसर दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर सकाळची वाट पाहू नका.

प्रश्नकर्तीचे उत्तर
सर्वांचे आभार. आज डॉक्टरांना दाखवले. त्यांनी गळ्यावर बोटाने हलकेच दाबताच पिल्लू तसेच खोकले. फुप्फुसांचा आवाज स्वच्छ असून ताप नाही. केनेल कफ असावा, असे त्यांचे मत पडले. सध्या प्रतिजैविक न देता विश्रांती, मऊ अन्न आणि गरम पाण्याच्या वाफेने भरलेल्या न्हाणीघरात दिवसातून दोनदा दहा मिनिटे कुशीत घेऊन बसणे, एवढेच सांगितले आहे. जंताचे औषध एकदाच दिल्याचे कळले, म्हणून तेही सुरू केले. आठवड्याने पुन्हा बोलावले आहे. तेव्हाही गळ्यावर दाबल्यावर खोकला आला, तर श्वासनलिकेचा एक्स-रे काढायचे ठरले आहे.